चार लोकांसमोर बोलायचं तर...
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या मराठी वस्त्यांमधून एकाच वळणाची पत्रं यायला लागतात: मंडळाने नाव घातलंय, आता बोलायचं कसं? या वेळी त्यांच्यासोबत वर्षभरात साठलेले काही प्रश्नही घेतले आहेत. उत्तरं देणाऱ्यांत वक्तृत्व शिकवणारे आहेत, आवाजाच्या तक्रारींवर काम करणारे आहेत आणि सभागृहातली ध्वनियंत्रणा सांभाळणारेही आहेत. एका गोष्टीवर या सगळ्यांचं एकमत आहे. भाषण मनातल्या मनात तयार होत नाही. उभं राहून, मोठ्याने, तोंडाने केलेला सराव तेवढाच ऐन वेळी कामी येतो.

प्रश्न : यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं प्रास्ताविक माझ्याकडे आलं आहे. घरात मी भरपूर बोलते, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की हात थरथरतात, आवाज कापतो, तोंडाला कोरड पडते. हाताशी सहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक गृहिणी, राजेंद्र नगर

ताई, सहा आठवडे पुष्कळ झाले. आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय नेमका कुठे करायचा ते कळेल. अनेक डोळे आपल्यावर लागलेत हे जाणवताच शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालू लागतो, लाळ कमी होते, स्नायू ताठरतात. श्वास अपुरा पडतो आणि स्वरयंत्राजवळचे स्नायू आवळले जातात, म्हणून आवाज कापतो. बोलायच्या आधीची काही मिनिटं आणि बोलायला लागल्यावरचं पहिलं मिनिट-दीड मिनिट हा जोर सगळ्यात जास्त असतो. पुढे बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. तेव्हा तयारीचा मोठा वाटा त्या सुरुवातीसाठी राखून ठेवा.

पहिला आठवडा नुसत्या वाचनाचा. रोज दहा मिनिटं उभं राहून एखादा लेख मोठ्याने वाचा आणि त्यातली दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना 'माझा आवाज असा कसा?' या विचारात अडकू नका. रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज प्रत्येकालाच परका वाटतो, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांमधूनही ऐकत असतो. एकच गोष्ट मोजा: किती वाक्यांचा शेवटचा शब्द विरून गेला? मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर बहुधा सगळ्यात शेवटी. वाक्य संपायच्या आत दम संपला, तर 'ही प्रथा आपण बंद करणार नाही' यातलं 'नाही' मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही आणि तिथे बसलेले लोक उलटाच अर्थ घेऊन घरी जातात. म्हणून वाक्य दहा-बारा शब्दांत आटोपा आणि शेवटचा शब्द पहिल्याइतक्याच जोराने म्हणा.

दुसऱ्या आठवड्यात कागद बाजूला ठेवून रोज एक मिनिट बोला. विषय घ्या पोह्यांचा: पोहे किती भिजवायचे, पातेल्यावर वाफेला कसे ठेवायचे, शेव आणि जिरावण कधी घालायचं. कृतीच्या विषयात क्रम आधीच ठरलेला असतो, त्यामुळे 'आता पुढे काय?' ही चिंता उरत नाही आणि लक्ष बोलण्याकडे राहतं. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. रेकॉर्डिंग ऐकून मोजा. दीडशेच्या घरात गेलात तर घाई होते आहे, आणि माइकवर ती घाई आणखी जाणवते.

तिसऱ्या आठवड्यात घरातल्या एकाच माणसाला समोर बसवा. 'कसं झालं?' असं विचारू नका. 'छान' यापलीकडे उत्तर येत नाही. 'काय काय लक्षात राहिलं?' असं विचारा. तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या आणि समोरच्याला एकच आठवली, तर काम कुठे करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. चौथ्या आठवड्यात भिशीच्या चार-पाच जणींसमोर दोन मिनिटं, पण उभं राहून. पाचव्यात प्रत्यक्ष जागेवर जा, रिकाम्या खुर्च्यांसमोर माइकवर बोला, पायऱ्या चढून माइकपर्यंत चालत जाण्याचाही सराव करा. सहाव्या आठवड्यात पूर्ण प्रास्ताविक, त्या दिवशीची साडी आणि चपला घालून, घड्याळ लावून तीनदा. आदल्या दिवशी फक्त एकदा.

पायरी गाळू नका. एखाद्या पायरीवर धडधड कमी होत नसेल तर तीच पायरी आणखी दोन-तीन वेळा करा. एकदम दोनशे लोकांपुढे उभं राहून 'भीती मोडून टाकायची' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बऱ्याचदा तो उलटतो. प्रसंग फसला की पुढच्या वेळी माणूस टाळाटाळ करतो, आणि टाळलं की भीती घट्ट होते.

कार्यक्रमाच्या दिवशी उपाशी राहू नका, पण शेव-फरसाणासारखं कोरडं, घशात चिकटणारं खाऊ नका. कडक चहाचे दोन-तीन कप झाले तर थरथर वाढते. तुमचं नाव पुकारायच्या आधी दोन मिनिटं नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा ते आठ अंक मोजत सोडा. खरं काम लांब सोडलेल्या श्वासाचं आहे, त्याने नाडी मंदावते. भराभर खोल श्वास घेत राहिलात तर उलट चक्कर येईल. माइकसमोर पाय स्थिर ठेवा, श्वास पूर्ण सोडा, समोर बघा आणि मग पहिला शब्द. हातातला पातळ कागद थरथर सगळ्यांना दाखवतो, त्याऐवजी पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. माइक धरलेल्या हाताचं कोपर अंगाला टेकवून ठेवा.

पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं तेवढी शब्दशः पाठ हवीत. मधल्या भागाचे मुद्दे कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. प्रास्ताविक अडीच-तीन मिनिटांचंच असावं: हा कार्यक्रम कशासाठी, आज काय काय होणार, आणि यंदा मंडळाने वेगळं काय केलं. पाहुण्यांचा परिचय दुसऱ्या कुणाकडे असेल तर तो आपल्या वाट्यात ओढू नका. नावांचे उच्चार मात्र ज्याच्या त्याला आधीच विचारून घ्या. आडनाव चुकलं तर उरलेलं सगळं भाषण त्या माणसाच्या कानावरून जातं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. अहिल्याबाईंच्या जयंतीनिमित्त चार मिनिटांच्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेते. भाषण घडाघडा पाठ असतं, पण मधला एक शब्द आठवला नाही की सगळंच जातं आणि ती रडवेली होऊन खाली येते. काय करावं?
– एक पालक, सुदामा नगर

शब्दशः पाठ केलेलं भाषण माळेसारखं असतं: प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला ओवलेला, दोरा एका जागी तुटला की सगळे मणी घरंगळतात. मुलीची स्मरणशक्ती चांगलीच आहे. तिला पाठांतराची पद्धत बदलून द्या. भाषणाचे चार भाग करा आणि त्या भागांचा क्रम पाठ करून घ्या. एकेका भागात एक प्रसंग आणि त्यातून निघणारं एक विधान, बस्स.

चार मिनिटांना ४०० शब्द होतात, पण थांबे धरून ३७० ते ३८० च लिहा. स्पर्धेत बहुतेक मुलं ५५० शब्दांचं भाषण घेऊन येतात आणि सूचनेची घंटा वाजली की उरलेला मजकूर एका श्वासात उरकतात. परीक्षकांच्या लक्षात नेमका तो शेवट राहतो.

आता मजकूर. अहिल्याबाईंवरच्या भाषणात देवळांची आणि घाटांची लांबलचक यादी येते, आणि यादी पाठ करायलाही कठीण, ऐकायलाही कंटाळवाणी. ठळक तारखा अशा आहेत: ३१ मे १७२५ ला चौंडीत जन्म, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव, १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांचं निधन. या तारखा नीट पाहिल्या तर भाषणाचा कणा त्यातच आहे. तेरा वर्षांत घरातली तीन माणसं गेली, आणि त्यानंतर या बाईने अठ्ठावीस वर्षं राज्य सांभाळलं. मुलीला हा एकच विचार धरून ठेवू द्या.

पहिला भाग महेश्वरी साडीपासून सुरू होऊ शकतो. सभागृहात कुणी ना कुणी ती नेसलेलं असतंच, आणि महेश्वरचा विणकामाचा धंदा अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढला. दुसऱ्या भागात ती तेरा वर्षं. तिसऱ्यात महेश्वरहून चाललेला कारभार आणि देशभरातली कामं. त्यातलं एकच उदाहरण घ्यावं, १७८० मधलं काशी विश्वेश्वराचं मंदिर. ते इंदूर संस्थानाच्या हद्दीबाहेर, शेकडो मैलांवर आहे, हा मुद्दा मुलांना पटकन उमजतो. चौथ्या भागात मुलीचं स्वतःचं एखादं निरीक्षण: राजवाड्यापुढून शाळेत जाताना तिला काय वाटतं, हे तिच्याच शब्दांत.

'तिच्याच शब्दांत' हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही लिहून देऊ नका. मुलीला ही गोष्ट आजीला सांगायला लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यावरून मजकूर उतरवा. जी वाक्यं तोंडातून आपसूक आली ती विसरली जात नाहीत. 'तेजोमय कर्तृत्वाची दैदीप्यमान गाथा' असली वाक्यं तेरा वर्षांच्या तोंडात बसत नाहीत, आणि मुलं अडखळतात ती बहुतेक अशाच वाक्यांवर.

सराव दहा दिवस, रोज दोनदा. पाचव्या दिवसापासून एक खेळ सुरू करा: तुम्ही 'तीन' म्हणायचं आणि तिने तिसऱ्या भागापासून बोलायला लागायचं. मग 'दोन', मग 'चार'. कुठूनही सुरुवात करता आली की अडकण्याची भीती निम्मी होते. प्रत्यक्ष स्पर्धेत आठवलं नाही तर थांबायचं, श्वास सोडायचा, आधीच्या वाक्याचा आशय वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणायचा आणि तेवढ्यात पुढचा भाग पकडायचा. ऐकणाऱ्यांच्या हातात मजकुराची प्रत नसते. एक वाक्य गळलं हे फक्त तिला ठाऊक असतं. (आई-बाबांनी पहिल्या रांगेत बसून ओठ हलवू नयेत. मुलं तिकडेच बघत राहतात.)

'आदरणीय व्यासपीठ' वगैरे संबोधन एका ओळीत उरका. 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' हे वाक्य काढून टाका, शेवटचं विधान करून नमस्कार केला की पुरे. आणि 'तलवार' म्हटलं की हात उंच, 'आकाश' म्हटलं की बोट वर, असले बसवलेले हातवारे शिकवू नका. हात मोकळे सोडले तर ते गरजेपुरते आपणच हलतात.

प्रश्न : २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात बोलायचं आहे. घरी मराठी, पण शाळेपासून ऑफिसपर्यंत सगळं हिंदीत झालं. वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. पुण्याहून आलेले पाहुणे समोर असणार, म्हणून जास्तच लाज वाटते.
– एक नोकरदार तरुण, विजय नगर

इंदुरी वळणाची लाज सोडा. साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये भरलं; इथली मराठी हिंदीच्या शेजारीच वाढली आहे आणि तिचा हेल हा दोष मानायचं कारण नाही. पुणेरी हेल उसना आणायला गेलात तर तो तिसऱ्या मिनिटाला सुटतो. अर्थ बदलणाऱ्या चुका मात्र काढल्या पाहिजेत, आणि त्या मोजक्याच आहेत.

पहिली चूक दोन्ही भाषांत असलेल्या पण वेगळा अर्थ देणाऱ्या शब्दांची. 'मुलांना चांगली शिक्षा मिळाली पाहिजे' असं मराठीत म्हटलं तर मुलांना चोप देण्याची मागणी होते. 'चेष्टा', 'राजीनामा', 'आपत्ती', 'व्यस्त' हे शब्दही असेच फसवतात. भाषण लिहून झालं की घरातल्या ज्येष्ठ माणसाकडून एवढेच शब्द तपासून घ्या.

दुसरी चूक उच्चारांची: ळ आणि ल. वेळ-वेल, काळ-काल, दळ-दल अशा जोड्या रोज पाच मिनिटं मोठ्याने म्हणा. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागलं पाहिजे. 'चाक', 'चूल', 'जग', 'झाड' यांतली च, ज, झ ही अक्षरं दातांजवळून येतात, हिंदीसारखी टाळूवरून येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत फरक कानाला कळतो.

वाक्य हिंदीत घसरतं त्याचं कारण ऐन वेळी मराठी क्रियापद सापडत नाही हे आहे. त्यावर एक व्यायाम फार उपयोगी पडतो. सकाळी हिंदी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचा, पेपर मिटा आणि तीच बातमी दोन मिनिटं मराठीत सांगा. जिथे अडलात ते शब्द टिपा, रोजचे पाच पुरेत, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मुद्दाम वापरा. जड शब्दांच्या मागे लागू नका. 'स्टेशन', 'मोबाइल', 'डॉक्टर' हे मराठीच झालेत.

राहिला 'मतलब', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली'चा भरणा. तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मोजा. आकडा ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. हे शब्द विचार करायला लागणारा वेळ भरून काढायला येतात, म्हणून नुसतं 'म्हणायचे नाहीत' असं ठरवून ते जात नाहीत. त्या जागी ओठ मिटून एक सेकंद गप्प राहायची सवय करा. बोलणाऱ्याला ती शांतता लांबलचक वाटते, ऐकणाऱ्याला ती विचारपूर्वक बोलणं वाटते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत एक तर माइक शिट्टी मारतो, नाही तर शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही. दोष वक्त्याचा की यंत्राचा?
– एक सचिव, रामबाग

काका, बहुतेक वेळा दोन्हीचा. वक्ता माइक छातीपाशी धरतो, आवाज कमी येतो म्हणून ऑपरेटर वाढवतो, वाढवला की स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या पातळीला, किंचित तिरका हवा. अगदी समोर धरला तर फ, भ, प, ब या अक्षरांची हवा थेट जाळीवर आपटते आणि 'धप्प' असा आवाज येतो. जाळी मुठीत धरू नका, त्यानेही शिट्टी येते. पोडियमवरच्या लवचिक दांड्याच्या माइकला मात्र वीतभर अंतर चालतं.

स्पीकर नेहमी वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. वक्त्याच्या पाठीमागे ठेवले की शिट्टी ठरलेली. बोलता बोलता माइक घेऊन स्पीकरपुढे जाऊ नये. आणि एक गोष्ट ऑपरेटरला आठवणीने सांगा: गाण्यांसाठी लावलेला इको भाषण सुरू होताना बंद करायचा. शेवटच्या रांगेला शब्द कळत नाहीत याचं हे फार मोठं कारण आहे आणि ते एका बटणावर सुटतं. खर्जही थोडा उतरवायला सांगा. तपासणी करताना माइकवर टकटक किंवा फुंकर नको; दोन पूर्ण वाक्यं बोला आणि एकाला शेवटच्या रांगेत उभं करून हाताने खूण करायला सांगा. भरलेल्या सभागृहात माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला आवाज कार्यक्रम सुरू झाल्यावर पुन्हा पाहावा लागतो.

कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र, ओढणी किंवा उपरणं त्याला घासलं तर खरखर थांबत नाही. बिनतारी माइकची बॅटरी प्रत्येक कार्यक्रमाला नवी घाला.

प्रश्न : १४ एप्रिलला महूमध्ये दहा मिनिटं बोलायचं आहे. बाबासाहेबांवर सगळेच तेच ते बोलतात. वेगळं काय सांगू, आणि बांधणी कशी करू?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, महू

बांधणी शिकायला बाबासाहेबांचंच एक भाषण समोर ठेवा: २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत केलेलं. त्याच्या शेवटच्या भागाची रचना पाहा. आधी एक चिंता मांडली आहे: भारताने मिळवलेलं स्वातंत्र्य आणि लोकशाही टिकेल का? मग त्या चिंतेचं कारण इतिहासातून दिलं आहे. आणि मग पहिली, दुसरी, तिसरी असं स्पष्ट म्हणत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: सनदशीर मार्ग सोडू नका, कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका, केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, तिला सामाजिक लोकशाहीचा पाया द्या. श्रोत्याला आपण कुठे आहोत हे सतत कळत राहतं. चिंता, कारण, उपाय हा सांगाडा कोणत्याही विषयाला चालतो.

दहा मिनिटांत जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सगळं सांगायला गेलात तर प्रत्येक टप्प्याला अर्धं मिनिटही मिळत नाही. त्या तीन इशाऱ्यांपैकी एकच घ्या. समजा तिसरा घेतला: पहिलं दीड मिनिट आजच्या एखाद्या दृश्यावर, तुमच्या कॉलेजातल्या किंवा वस्तीतल्या, पुढची दोन मिनिटं १९४९ मध्ये बाबासाहेबांनी हा इशारा का दिला यावर, चार मिनिटं स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांतलं एक काढून घेतलं तर बाकीच्यांचं काय होतं यावर, एखाद्या ठोस उदाहरणासह, आणि शेवटचं दीड मिनिट ऐकणाऱ्याने उद्यापासून करायच्या एका गोष्टीवर. उरलेलं मिनिट टाळ्या, थांबे आणि गोंधळ यांत जातं, ते हिशेबात धराच.

मोबाइलवर फिरणारी अवतरणं वापरू नका, त्यांतली कित्येक बाबासाहेबांची नाहीत. संविधान सभेतल्या चर्चांचं इतिवृत्त आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड उपलब्ध आहेत. अवतरण तिथे सापडलं तरच घ्या, आणि म्हणताना तारीख सांगा.

त्या दिवशी महूत महाराष्ट्रातूनही लोक येतात, स्थानिक हिंदी बोलणारेही असतात. भाषा आयोजकांना आधी विचारा. मोकळ्या मैदानात लांबच्या स्पीकरचा आवाज मागून येऊन आदळतो, म्हणून नेहमीपेक्षा सावकाश बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबा. आणि तीन मिनिटांची दुसरी आवृत्ती कार्डावर तयार ठेवा. मोठ्या सभेत वेळ कापला जातोच. तेव्हा दहा मिनिटांचा मजकूर भराभर म्हणू नका. दृश्य, इशारा आणि ती एक गोष्ट, एवढंच घ्या.

प्रश्न : ऐन वेळी 'तुम्ही दोन शब्द बोला' असं म्हणतात तेव्हा काहीच सुचत नाही.
– एक वाचक, देवास

मिनिटभर बोला, जास्त नको. खुर्चीतून माइकपर्यंत जाताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: या माणसाची किंवा या कामाची मी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट कोणती? ती सांगा, तिच्यातून काय दिसतं ते एका वाक्यात सांगा आणि बसा. शोकसभेत तर एवढंच बोलावं. गेलेल्या माणसाच्या गुणांची विशेषणं सगळेच सांगतात, प्रसंग कुणीच सांगत नाही. 'मला बोलायचं माहीत नव्हतं, तयारी नाही' अशी सुरुवात टाळा, मिळालेलं एक मिनिट त्यातच जातं. सवयीसाठी घरात जेवताना चिठ्ठ्या टाकून रोज एका विषयावर मिनिटभर बोला. पहिले दहा सेकंद विचाराला द्यायचे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. दिवसाला पाच-सहा तास बोलते, आणि संध्याकाळी कार्यक्रमाचं निवेदन असलं की आवाज बसतो. खडीसाखर, लवंग सगळं करून झालं.
– एक वाचक, लोकमान्य नगर

बाई, खडीसाखरेने घशाला ओलावा वाटतो, कारण लाळ सुटते. पण गिळलेला पदार्थ स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेत जातो. स्वरतंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर थोडं थोडं पाणी पिण्याने आणि वाफ घेण्याने. निवेदनाच्या दिवशी शाळेत ओरडायचं टाळा: वर्ग शांत करायला टाळी किंवा घंटी वापरा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. दुपारी अर्धा तास पूर्ण मौन ठेवा. कुजबुजणं हे मौन नव्हे, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. सारखा घसा खाकरायची सवय असेल तर त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या किंवा आवंढा गिळा, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात.

कार्यक्रमाआधी पाच मिनिटं ओठ मिटून हलका गुंजारव करा, आधी मधल्या पट्टीत, मग थोडा वर आणि थोडा खाली. कंप ओठांशी आणि नाकाशी जाणवला पाहिजे, घशात नाही. निवेदन आपल्या रोजच्या बोलण्याच्या पट्टीतच करा. निवेदनासाठी म्हणून मुद्दाम खाली खेचलेला भारदस्त आवाज तासाभरात घसा थकवतो. छातीत जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्या, कारण वर येणारं आम्लही आवाज बसवतं. आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्या. शिक्षकांमध्ये स्वरतंतूंवर गाठी येणं नेहमीचं आहे, आणि त्या लवकर सापडल्या तर बहुधा वाक्-उपचारानेच बऱ्या होतात.